दिवाडीला चार दिवस शिवलं, आठ महिने पांघरलं

जानेवारीत आम्ही चौघीजणी गोव्यातल्या दिवाडी बेटावर एक जुनं घर भाड्याने घेऊन चार दिवस नुसत्या शिवत बसलो होतो. फोटो तेव्हाच टाकले, "किती गोड" वगैरे झालं. शिवल्या दिवशी कुठलीही रजई गोडच दिसते. आता सप्टेंबर संपत आला. मधे गोव्याचा अख्खा पावसाळा गेला, धुणी झाली, कुडाळला नातू ओकला, माझ्याकडे मांजर व्यालं. आता लिहायला हरकत नाही.

चौघी म्हणजे मी फोंड्याची, एक बेळगावची, एक कुडाळची आणि चौथी पणजीची, बँकेतून निवृत्त. घराबद्दल थोडक्यात: हवा छान, पोदेर म्हणजे पाववाला सकाळी भोंगा वाजवत दारात पाव आणून देतो, पण दिवे पिवळे आणि टेबल इतकं बुटकं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पाठी धरल्या. शिवायला जाणार असाल तर आधी टेबलाची उंची विचारा, समुद्र किती लांब ते नंतर.

बेळगावकरणीचा बेत सगळ्यात मोठा. पाच इंची चौकोन, आडवे बारा, उभे सोळा, एकूण १९२. शिवणीत दोन्हीकडून पाव-पाव इंच गेला की चौकोन साडेचार इंची उरतो आणि रजई ५४ बाय ७२ बसते. हे झालं वहीत. तिच्या मशीनचा फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा तुकडा, जरा रुंद, आणि ती त्याचीच कड धरून शिवत गेली. एका जोडाला फक्त एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त जात होतं. पण बारा चौकोनांच्या ओळीत अकरा जोड, म्हणजे अकरा सूत, म्हणजे जवळजवळ दीड इंच! सगळ्याच ओळी तशा आल्या असत्या तरी निभावलं असतं. पण तिला मदत म्हणून बँकवाली मशीनवर बसली आणि तिने चार ओळी चोख पाव इंचाने घातल्या. बँकेत आयुष्य गेलेल्या बाईला चोख नको म्हणून कोण सांगणार? रात्री अकरापर्यंत उसवत होतो. यावर एक सोपी चाचणी आहे, ती आम्हाला नंतर सुचली: दीड इंची तीन पट्ट्या एकमेकींना जोडायच्या आणि मधली मोजायची. बरोबर एक इंच भरली तर पुढे जा.

खरं दुखणं मात्र आतल्या कापसाच्या थरात निघालं. 'शंभर टक्के कॉटन' लिहिलेला तो थर बेळगावकरणीने ऑनलाइन मागवला होता. तिसऱ्या धुण्यानंतर रजईत गुठळ्या झाल्या आणि वरच्या कापडातून बारीक पांढरे तंतू बाहेर यायला लागले. जुलैत तिने एक कोपरा उसवून चिमूटभर मला पाठवला. मी तो चिमट्यात धरून काडी लावली. कापूस जळला की जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटांत भुगा होते. हा आकसला, वितळला आणि त्याचा काळा टणक मणी झाला. पॉलिस्टर. अर्थात सगळा दोष विकणाऱ्यावर घालून चालणार नाही. दोन शिवणींत किती अंतर चालेल ते चांगल्या थराच्या पाकिटावर छापलेलं असतं. यावर काहीच नव्हतं, आणि हिने घाईत दहा-दहा इंचांवर शिवणी मारल्या होत्या.

माझी साधी गोधडी. आत आईची जुनी सुती नऊवारी, खाली मांजरपाट, वर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं लाल चौकडीचं कापड, कुणबी धाटणीचं. सगळं जमिनीवर अंथरलं, चारी कोपऱ्यांना पाट ठेवले, तळहाताने सुरकुत्या बाहेर काढल्या आणि कच्चे टाके घातले. शेजारच्या म्हाताऱ्या बाई त्यांच्या बाल्कांवातून, म्हणजे दारापुढच्या ओसरीतून, बघत होत्या. "वाकळ शिंवतात गो?" म्हणत आत आल्या आणि माझा धावदोरा बघून एवढंच म्हणाल्या, "लागीं लागीं घाल." म्हणजे जवळजवळ घाल. मग ओळी बोटभर अंतरावर आणल्या. त्यामुळे चार दिवसांत निम्मीही झाली नाही, संपली शिमग्याला.

तेव्हापासून तिचा एक टाका निघाला नाही, एक गुठळी नाही. पण दोन चुका माझ्याही आहेत. लाल कापड आधी धुतलं नाही, सरळ शिवायला घेतलं. पहिल्याच धुण्यात रंग गेला आणि खालचा मांजरपाट गुलाबी झाला. दुसरं, ओली झाल्यावर ती पिळायला दोन माणसं लागतात. जून ते सप्टेंबर मी ती धुतलीच नाही. पंख्याखाली दांडीवर टाकायची, ऊन पडलं की धावत बाहेर न्यायची. ज्यांना दर आठवड्याला धुवायची सवय आहे त्यांनी दोनच थर घ्यावेत.

कुडाळच्या मैत्रिणीने तेच केलं, आणि सगळ्यात जास्त वापर तिच्याच दुपट्याचा झाला. तिने कवंदीची पद्धत घेतली. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका अशा गोधड्या शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, त्यातले बरेच पोर्तुगीज गोव्यात गुलाम म्हणून आणलेले आणि इथून जंगलात पळून गेलेले. यात ठिगळं आधी जोडत बसायचं नाही. खालचं कापड अंथरायचं, कडेपासून सुरुवात करायची, ठिगळाची कड दुमडून सगळ्या थरांतून एकदमच टाका घ्यायचा आणि गोल गोल मधे यायचं. सुतांचा हिशेबच नाही! चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या चिंध्यांचे फुल्ले लावतात. नातवाने त्यातले दोन चोखून चोखून मऊ केलेत. दुपटं एक दिवसाआड धुतलं जातं आणि पंख्याखाली रात्रीत वाळतं.

बँकवालीची टेबलमॅट्स प्लास्टिकच्या पिशवीत बंद राहिली. ऑगस्टमध्ये उघडली तर काळे ठिपके. जात नाहीत.

गोल पात्याच्या कटरबद्दल बऱ्याच जणींनी विचारलं होतं. जपानच्या ओल्फा कंपनीने तो १९७९ मध्ये काढला, आमचा ४५ मिलिमीटरचा. नव्या, कडक सुती कापडाचे चौकोन कापायला त्याला तोड नाही, चार थर एका दमात. जुन्या साडीला मात्र उपयोग नाही, कापड पात्याखाली सरकतं. साडी हातानेच फाडावी, धाग्यात सरळ फाटते. पावसाळ्यात पात्याला मशीनचं तेल लावून ठेवा, माझं गंजलं. कापताना खाली घालायची चटई उन्हात गाडीत विसरू नका. फेरीबोटीच्या रांगेत आमची वाकडी झाली ती झालीच.

बेळगावची रजई आता माझ्याकडे आली आहे. गुठळ्या बोटांनी चेपून, सारून मी मधल्या जागेत धावदोरा घालतेय, पाच ओळी झाल्या. लाल दोरा वापरतेय कळल्यावर तिकडून लगेच फोन आला. उकळून घेतलाय गं, म्हटलं.