चांदणीचं गणित: थेट किमती टाकायच्या की आधी अवयव पाडायचे?

जळगाव-धुळ्याकडे भरतीची तयारी करणारी पोरं अडतात ती अशा प्रश्नावर, जिथे चांदणीचा (★) नियम प्रश्नातच दिलेला असतो: अ ★ ब = अ² − अब, तर ९८ ★ ९६ किती?

थेट किमती टाकल्या तर ९६०४ − ९४०८, म्हणजे १९६. बरोबर, पण दोन मोठे गुणाकार अंगावर येतात. आधी अवयव पाडले तर अ(अ − ब), म्हणजे ९८ × २. खेळ खल्लास.

३ ★ (−२) मध्ये थेट पद्धत दगा देते. ९ − ३(−२) मधला कंस विसरला की ९ − ३ − २ = ४ येतं; खरं उत्तर ९ + ६ = १५. लहान धन संख्यांना मात्र थेटच बरं, तिथे अवयव शोधत बसणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. आणि आकडे उलटसुलट टाकू नका: ५ ★ ३ दहा, पण ३ ★ ५ उणे सहा.