फिफाचा महिला फुटबॉल प्रशिक्षक पुरस्कार: पद्धत चोख, मुदत आखूड

मुलींच्या स्पर्धेत ‘उत्कृष्ट प्रशिक्षक’ची ट्रॉफी बहुतेक वेळा फायनल जिंकलेल्या सरांकडेच जाते. वेगळी निवड करण्याची तसदी कोणी घेत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात असा वार्षिक पुरस्कार नीट सुरू करायचा असेल, तर आधी फिफाचा पुरस्कार सुटा करून पाहावा. उचलण्यासारखं बरंच आहे, एक गोष्ट मात्र अजिबात उचलू नये.

हा पुरस्कार 2010 पासून दिला जातो. पहिला मान जर्मनीच्या सिल्व्हिया नाइड यांचा. 2016 पासून तो ‘द बेस्ट’ या नावाने ओळखला जातो. तो महिला संघाच्या प्रशिक्षकाला आहे, फक्त महिला प्रशिक्षकाला नव्हे: 2011 ला जपानचे नोरिओ सासाकी, 2018 ला फ्रान्सच्या ल्यों क्लबचे रेनाल्ड पेद्रोस. आपल्या नियमावलीत हे पहिल्याच ओळीत लिहा, नाहीतर बक्षीस समारंभात वाद ठरलेला.

मतदान ही यातली सगळ्यात भक्कम बाजू. मतदारांचे चार गट: राष्ट्रीय महिला संघांचे प्रशिक्षक, कर्णधार, पत्रकार आणि चाहते. प्रत्येक गटाचा वाटा 25 टक्के. प्रत्येकाने तीन नावं क्रमाने द्यायची, त्यांना 5, 3 आणि 1 गुण. चाहत्यांची मतं कितीही पडोत, वाटा चौथाईच राहतो. म्हणजे मोठ्या गावाने व्हॉट्सॲपवर रान उठवलं तरी निकाल एकट्याने फिरत नाही. शिवाय कोणत्या कर्णधाराने कोणाला मत दिलं ते जाहीर होतं. तालुका पातळीवर याची गरज तर जास्तच.

इथे एक दुरुस्ती हवी. कर्णधाराला स्वतःच्या सरांना मत देता येणार नाही, असा नियम घाला. आठ संघांच्या आठही कर्णधार मुलींनी पहिलं मत घरीच दिलं, तर त्या मतांचे सगळ्यांना पाच-पाच गुण आणि पहिल्या मताचा उपयोग शून्य. बरोबरी कशी सोडवायची तेही आधीच लिहून ठेवा. 2023 च्या पुरुष खेळाडूंच्या पुरस्कारात मेसी आणि हालंड दोघांचे 48 गुण झाले होते. कर्णधारांची पहिल्या क्रमांकाची मतं मोजून मेसीला पुरस्कार मिळाला. नियम तयार होता म्हणून निभावलं.

खटकते ती मुदत, म्हणजे कामगिरी मोजण्याचा काळ. 2024 च्या पुरस्कारासाठी 21 ऑगस्ट 2023 ते 10 ऑगस्ट 2024 एवढाच काळ धरला. शेवटचा दिवस म्हणजे ऑलिम्पिक फायनलचा. एमा हेज मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या संघाकडे आल्या, ऑगस्टमध्ये सुवर्ण जिंकलं आणि पुरस्कारही. त्याआधी इंग्लंडच्या चेल्सी क्लबला तिथली लीगही जिंकून दिली होती, त्यामुळे निवड चुकीची नाही. पण पाच वर्षं खपून संघ उभा करणारा माणूस अशा मोजणीत दिसतच नाही. मतदार निव्वळ चषक मोजतात असंही नाही म्हणा. 2023 ला विश्वचषक स्पेनने जिंकला, तरी पुरस्कार फायनल 0-1 हरलेल्या इंग्लंडच्या सरिना वीगमन यांना मिळाला. स्पेनचा संघ आतून नाराज होता: 15 खेळाडूंनी 2022 मध्येच आपल्याला संघात घेऊ नका असं फेडरेशनला कळवलं होतं. फिफाच्या पुरस्काराला माझे एकूण पाचपैकी साडेतीन गुण. कापलेल्या दीडपैकी एक मुदतीचा.

आपल्याकडे मुदत किमान दोन पावसाळ्यांची धरा आणि मतांसोबत हजेरीवही मागा. जूनमध्ये वीस मुली होत्या, दसऱ्याला किती उरल्या? जांभ्याच्या मैदानावर पडलं की गुडघा सोलतो, म्हणून शहाणा प्रशिक्षक उघडीप मिळाली की पुळणीवर सराव घेतो. पण ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. या सोमवारी संध्याकाळी पाचला ओहोटी असेल, तर पुढच्या सोमवारी पाचला जवळपास भरती. वेळापत्रकात ‘रोज पाच वाजता’ असं छापलेलं दिसलं की समजा, कागद समुद्राकडे न बघता केलाय.

दुसरी तपासणी वॉर्मअपची. मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. त्यासाठी ‘फिफा 11+’ हा ठरलेला वॉर्मअप आहे: 8 मिनिटं धावणं, 10 मिनिटं ताकद-तोल-उड्या, 2 मिनिटं वेगाने धावणं, आठवड्यातून किमान दोनदा. न सांगता सरावाला जा आणि उडीनंतर टेकताना बघा. मुलींचे गुडघे आत वळत असतील आणि सर शिट्टी वाजवून पुढे जात असतील, तर गुण कापा. प्रशिक्षकाच्या लायसन्सला थोडेच गुण ठेवा. एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघाच्या) ई, डी लायसन्सपासून एएफसीच्या (आशियाई महासंघाच्या) सी, बी, एपर्यंत चढायला पैसा आणि रजा दोन्ही लागतात.

ट्रॉफी मात्र स्वस्त मुलाम्याची नको. खाऱ्या हवेत लवकरच स्क्रूपाशी गंज धरतो आणि मुलाम्याचे पापुद्रे सुटतात. सावंतवाडीचं लाकूडकाम हाताशी आहे. लाकडी बैठक घ्या, वर पितळी पट्टी, आणि नाव निकालानंतरच कोरून घ्या.