तीस वर्षांच्या मियाटाची काच आणि केबल-दुरुस्तीचा संच

माझ्याकडे १९९४ सालची माझ्दा एमएक्स-५ आहे, जिला अमेरिकेत सगळे मियाटा म्हणतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा दिसलेल्या आणि १९९७ पर्यंत बनत राहिलेल्या पहिल्या पिढीतली ही गाडी आहे. दोनच माणसांची, कापडी छताची आणि बटण दाबल्यावर बॉनेटमधून वर येणाऱ्या हेडलाइटची. न्यू जर्सीतल्या आमच्या गॅरेजमध्ये तिची डावीकडची, म्हणजे चालकाच्या बाजूची काच दोन वर्षे कण्हत-कुथत वर चढत होती आणि गेल्या एप्रिलात ती अर्ध्यावरच अडकली. बटण दाबले की दाराच्या आत मोटार फिरल्याचा आवाज येई, मध्येच तार खरडल्यासारखे काही वाजे, पण काच तसूभरही हलत नसे. या दुरुस्तीसाठी इंटरनेटवरून मागवलेल्या केबल-संचाचे हे परीक्षण आहे.

हा संच एकाच प्रकारच्या बिघाडावर चालतो, म्हणून आधी बिघाड ओळखणे आवश्यक आहे. या गाडीत मोटारीचा वर्म गिअर (स्क्रूसारखा आटे असलेला दांडा आणि त्यात अडकणारे दातेरी चाक) एक चकरी फिरवतो, चकरीवर पोलादी केबल गुंडाळलेली असते, आणि तिच्या ओढीने काच धरणारा सरकता तुकडा उभ्या पट्टीवरून वर-खाली जातो. मोटारीला मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या दोन टोकांची अदलाबदल झाली की ती उलट फिरते. काच वर नेणे आणि खाली आणणे यांत विजेच्या बाजूने एवढाच फरक असतो. वर्म गिअर काचेच्या वजनाने मागे फिरत नाही, त्यामुळे काच जिथे थांबवावी तिथेच राहते. आता बटण दाबूनही अजिबात आवाज येत नसेल, तर दोष फ्यूज, बटण, वायर किंवा मोटार यांत शोधावा. मोटार फिरते पण काच हलत नाही, तर बहुधा केबल किंवा चकरी गेलेली असते. काच नुसतीच मंद चालत असेल, तर मात्र केबल बदलून काहीही साधत नाही. तिथे वाळलेले ग्रीस, कडक झालेली रबरे किंवा वाटेत गळणारा व्होल्टेज हे कारण असते. माझ्या दारात दुसरा आणि तिसरा असे दोन्ही बिघाड एकत्र नांदत होते, हे मला काम अर्धे झाल्यावर कळले.

मोटारीसह संपूर्ण नवी यंत्रणा न घेता नुसता केबलचा संच का घेतला, याचे कारण उजव्या दारात आहे. तिथे मी आदल्या वर्षी बाजारातली संपूर्ण नवी यंत्रणा बसवली होती. तिचे एक भोक दाराच्या भोकाशी जुळेना म्हणून ते कानशीने वाढवावे लागले, तिच्या मोटारीचा आवाज जुन्या मोटारीपेक्षा मोठा आहे, आणि काच वर टेकताना हिसका बसतो. केबलच्या संचाची किंमत त्या यंत्रणेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होती. मूळ मोटार उघडून तिच्यातले काळे, चिकट ग्रीस पुसून नवे भरले, तेव्हा ती तीस वर्षांच्या मानाने ठणठणीत निघाली. चांगली मोटार फेकून हलकी मोटार विकत घेण्याचा व्यवहार मी पुन्हा करणार नाही.

दार उघडणे अवघड नाही. स्क्रू काढल्यावर पॅनेल कडेच्या प्लास्टिकच्या क्लिपांमधून सोडवून वर उचलायचे असते. या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून पाच-सहा नव्या आधीच आणून ठेवाव्यात. पॅनेलच्या मागे काळ्या डिंकासारख्या पट्टीने चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा असतो. तो फाडू नये. दारात शिरणारे पावसाचे पाणी त्याच्यामुळेच खालच्या भोकांतून बाहेर जाते. तो फाटका राहिला तर पुठ्ठ्यासारखे असलेले पॅनेल ओल धरून वाकते. यापुढचे जवळजवळ सगळे बोल्ट १० मिलिमीटरच्या पान्याने निघतात. पत्र्याच्या भोकांच्या कडा सुरीसारख्या असल्याने हातमोजे घालणे बरे, आणि केबलीजवळ बोटे घालण्याआधी बॅटरीची वायर सोडणे तर अनिवार्यच. (या गाडीची बॅटरी डिकीत आहे, ती बॉनेटखाली शोधत बसू नये.) काचेचे बोल्ट सैल करण्याआधी प्रत्येकाच्या भोवती मार्करने रेघ ओढून ठेवावी. ही सूचना संचासोबतच्या कागदावर नव्हती आणि ती असायला हवी होती.

खरी परीक्षा केबल गुंडाळताना होते. जुनी केबल चकरीजवळ तंतू-तंतू होऊन पक्ष्याच्या घरट्यासारखी गुंतली होती. नवी केबल चांगल्या विणीची आहे, पण संचासोबत आलेल्या एकमेव कागदावरच्या अस्पष्ट चित्रातून कोणते टोक चकरीवर कोणत्या दिशेने जाते ते समजत नाही. सुदैवाने मी जुन्या चकरीचे फोटो काढून ठेवले होते. एक टोक चकरीच्या खाचेत अडकवून फेरे भरायचे, ते सुटू न देता दुसरे टोक उलट बाजूने आणायचे आणि ताण कायम ठेवून चकरी तिच्या घरात बसवायची, यासाठी तीन हात लागतात. तिसरा हात माझ्या सासऱ्यांचा होता. ते सांगलीहून आमच्याकडे आलेले आहेत आणि नोकरीचा सगळा काळ त्यांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढला आहे. त्यांनी केबलच्या टोकाचे निपल, म्हणजे खाचेत अडकणारा धातूचा छोटा गोळा, निरखून पाहिले आणि म्हणाले, “अगं, ही तर आपल्या बजाजची क्लच वायर!” मी म्हणाले, “नाना, दिवा जरा खाली धरा.” पण त्यांचे निदान बरोबर होते. स्कूटरच्या क्लच वायरसारखीच ही केबलही निपलाशी वाकून-वाकून झिजते, आणि संचातल्या एका निपलावर डाख देताना राहिलेला कंगोरा त्यांनी बोटाने ओळखला. तो कानशीने घासला नसता, तर निपल खाचेत तिरपे बसले असते. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत असा कंगोरा राहू नये. संचातले प्लास्टिकचे बुशही दोन जागी किंचित सैल आहेत. नवी चकरी मात्र मूळ चकरीच्या तोडीची आहे.

केबल बसली, काच हलली, पण वर चढायला तिला ११ सेकंद लागत होते. मल्टिमीटर लावल्यावर बॅटरीवर १२.५ व्होल्ट आणि काच चढत असताना मोटारीच्या टोकांवर १०.१ व्होल्ट दिसले. हे माप मोटार चालू असतानाच घ्यावे लागते, कारण ती बंद असताना वायरीत प्रवाह नसतो आणि व्होल्टेजची गळती दिसत नाही. दोष दोन आसनांमधल्या कन्सोलवरच्या बटणांत निघाला: तांब्याचे संपर्क काजळले होते. ते बारीक पॉलिश कागदाने पुसल्यावर मोटारीपाशी ११.४ व्होल्ट येऊ लागले. मग सरकत्या भागांच्या पट्ट्या पुसून त्यांना लिथियम ग्रीस आणि काचेच्या रबरांना सिलिकॉनचा फवारा दिला. रबरावर साधे तेल किंवा ग्रीस लावू नये, ते फुगते आणि काच आणखी आवळते. आता काच ५ सेकंदांत वर जाते. या सुधारणेतला मोठा वाटा संचाचा नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. काच केवळ मंद झालेली असेल, तर संच मागवण्याआधी एक शनिवार या सफाईला द्यावा.

पुढच्या बाजूची छोटी त्रिकोणी काच सोडली तर या काचेला वरून चौकट नाही. ती थेट छताच्या रबरावर टेकते. त्यामुळे ती किती आत कलते आणि किती वर थांबते हे जुळवणे हे वेगळेच काम आहे. मी रेघा ओढल्या होत्या, तरी वरचा अडसर एक-दोन मिलिमीटर खाली बसला आणि ताशी ६० मैलांच्या वेगाला कानाशी शिट्टी वाजू लागली. पॅनेल पुन्हा काढून अडसर वर घेतल्यावर ती थांबली. पहिल्या मोठ्या पावसापर्यंत पॅनेलचे सगळे स्क्रू घट्ट करू नयेत.

पाचपैकी साडेतीन तारे मी देते: केबल आणि चकरीसाठी पूर्ण गुण, निपलाचा कंगोरा, सैल बुश आणि निरुपयोगी कागदासाठी दीड वजा. संच बसवून सहा आठवडे झाले. अगदी वरच्या बोटभर अंतरात बुशांचा हलका कटकट आवाज येतो, तो अजून वाढलेला नाही. विक्रेत्याला कंगोऱ्याचा फोटो पाठवला होता. दोन दिवसांत दुसरी केबल विनामूल्य आली, आणि तिच्या दोन्ही निपलांवरून नानांनी बोट फिरवून ती पास केली आहे.