दोन इंच उंच केलेली बोलेरो: जळगावातील एका गॅरेजच्या कामाविषयी

रावेर तालुक्यात आमच्या केळीच्या मळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल पडतात की, मधला उंचवटा माझ्या 2012 च्या टू-व्हील ड्राइव्ह बोलेरोच्या पोटाला घासत असे. त्यामुळे मे महिन्यात जळगावच्या एका गॅरेजमध्ये गाडी दोन इंच उंच करून घेतली.

मिस्त्रींचा हात जाणकार आहे. पुढची कॉइल स्प्रिंग चाक धरणाऱ्या आर्मच्या (दांड्याच्या) टोकाला नसून आतल्या बाजूला टेकते, म्हणून स्पेसरच्या (स्प्रिंगला लावायच्या चकतीच्या) जाडीपेक्षा गाडी अधिक उचलली जाते. हा हिशेब धरून त्यांनी स्पेसर पातळच निवडले. पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारा शाफ्ट नसल्याने तिकडचे काम सोपे होते. मागे लांब शॅकल (स्प्रिंग गाडीला जोडणारी कडी) लावण्याचा स्वस्त उपाय मात्र त्यांनी स्वतःहून नाकारला, कारण शॅकल जितकी वाढवावी त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते, शिवाय डिफरन्शियलचा (मागच्या चाकांमधील गिअरच्या गोळ्याचा) कोन बदलून त्याला फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट थरथरू लागण्याची भीती असते. त्याऐवजी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना नव्याने कमान देऊन एक जादा पाटा घातला आणि यू-बोल्ट नवे बसवले. माल भरलेला असताना गाडी आता दबत नाही. रिकामी असताना मात्र इतकी आदळते की, सावद्याला जाऊन आल्यावर आईने पुढच्या खेपेस एस.टी.ने जाण्याची भाषा केली.

तक्रारी दोन आहेत. उंची बदलली की पुढच्या चाकांचा कल बदलतो, तरीही अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) न करताच गाडी ताब्यात दिली आणि महिनाभरात पुढच्या टायरांची एक कड झिजली. दुसरे असे की, मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आडकाठी करते, हे त्यांनी काम घेण्यापूर्वी सांगायला हवे होते. ते मला विमा एजंटाकडून कळले, तेही काम उरकल्यावर.

उंचवटा आता इंजिनाच्या चेंबरला (खालच्या ऑइलच्या भांड्याला) लागत नाही. मागचे डिफरन्शियल मात्र अजूनही घासते, कारण ते अ‍ॅक्सलवरच असते आणि अ‍ॅक्सलची उंची टायरवर ठरते, पाट्यांवर नाही. काळ्या मातीत मागचे चाक जागेवर फिरू लागले की उंचीचा काही उपयोग होत नाही; ऑगस्टमध्ये गाडी दोनदा ट्रॅक्टरनेच ओढून काढावी लागली. पुढच्या पावसाळ्यापूर्वी टायर बदलणार आहे, तेही याच मिस्त्रींकडून, पण अलाइनमेंटची पावती हातात घेऊनच पैसे देईन.