आत्याचा फोन: आहे तो अँड्रॉइड ठेवावा की पुण्याहून येणारा आयफोन घ्यावा?

आमची आत्या कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात एकटी राहते. नजर अधू झाल्यापासून स्क्रीनवरचं नाव तिला वाचता येत नाही, त्यामुळे फोन कुणाचा हे ती आवाजावरूनच ओळखते. तिच्या मुलाचा, म्हणजे आमच्या दादाचा फोन आला की टाळ वाजतात आणि डेअरीवाल्याचा आला की सायकलची घंटी. नुसती कंपनीची ट्यून वाजली, तर माणूस अनोळखी. तो फोन ती उचलतच नाही. आता पुण्यातला दादा नवा फोन घेतोय आणि जुना आयफोन तिला द्यायचा म्हणतोय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी घरांत मुलं पुण्या-मुंबईला असतात आणि त्यांचे जुने फोन असेच गावी येतात. म्हणून आत्यासाठी जे पडताळून पाहिलं, ते इथे लिहितो आहे.

आवाज लावण्याच्या बाबतीत अँड्रॉइड सरळ आहे. फोनमध्ये असलेली कुठलीही एमपीथ्री फाइल सेटिंग्जमधल्या साउंडमध्ये जाऊन रिंगटोन म्हणून निवडता येते. एका माणसासाठी वेगळी ट्यून हवी असेल, तर कॉन्टॅक्ट्समध्ये त्याचं नाव उघडून ‘सेट रिंगटोन’ करायचं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हा पर्याय ‘एडिट’मध्ये असतो. नातवाचा आवाज रेकॉर्ड करून ‘आज्जी, फोन उचल’ असंही लावता येतं. अँड्रॉइड ८ पासून एकाच ॲपच्या वेगवेगळ्या सूचनांनाही वेगवेगळे आवाज देता येतात, म्हणजे बँकेचा मेसेज आणि जाहिरातीचा मेसेज कानाला वेगळा कळू शकतो.

एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. कॉन्टॅक्टला लावलेली ट्यून साध्या कॉलला वाजते, व्हॉट्सॲपच्या कॉलला नाही. दादा तर संध्याकाळी व्हिडिओ कॉलच करतो. त्यासाठी व्हॉट्सॲपमध्ये त्याच्या नावावर जाऊन नोटिफिकेशनमध्ये कॉलची ट्यून वेगळी लावावी लागते. आम्ही ती लावली नव्हती, त्या काळात आत्याने त्याचे कित्येक कॉल अनोळखी समजून सोडून दिले. (कॉलर ट्यून हा आणखी वेगळा प्रकार. ती समोरच्याला ऐकू येते आणि सिम कंपनीकडून लागते, फोन कुठलाही असो.)

आयफोनमध्ये माणसागणिक रिंगटोन ठेवता येते, पण आपली स्वतःची ट्यून आत आणायची वाट बरीच वर्षं आडवळणाची होती. गॅरेजबँड ॲपमध्ये गाणं घ्यायचं, ३० सेकंदांत कापायचं, मग रिंगटोन म्हणून बाहेर काढायचं. आयओएस म्हणजे आयफोनची सिस्टीम. तिच्या २०२५ च्या आयओएस २६ आवृत्तीत ही कटकट मिटली. ३० सेकंदांपेक्षा लहान फाइल असेल, तर शेअरमधूनच ती रिंगटोन करता येते. पण आयओएस २६ आयफोन ११ आणि त्यानंतरच्या फोनवरच चालते. दादाचा फोन एक्सआर, म्हणजे ११ च्या आधीचा आहे, त्यामुळे आमच्या वाट्याला गॅरेजबँडच. तुमच्याकडे येणारा फोन कुठला, हे आधी विचारून घ्या.

आयफोनची एक सोय मात्र मला मनापासून आवडली. कॉन्टॅक्टची रिंगटोन निवडतो त्याच पानावर ‘इमर्जन्सी बायपास’ असतो. तो चालू केला की फोन सायलेंटवर असला तरी त्या माणसाचा कॉल वाजतोच. अँड्रॉइडमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ असताना ठरावीक माणसांना सूट देता येते, पण रिंगचा आवाजच शून्यावर गेला असेल तर त्या सुटीचा काही उपयोग नाही. दादा किती वेळा फोनवर कळवळून म्हणाला असेल, “आई, किती येळ झाला फोन करालोय, उचलीनास की!” त्याला हा बायपास हवाहवासा वाटतो, त्यात नवल नाही. शिवाय जुन्या आयफोनच्या कडेला सायलेंटचं बटण असतं आणि पिशवीत टाकताना ते नकळत सरकतं. म्हणून आयफोन घेतलात तर बायपास पहिल्याच दिवशी लावा, आणि सेटिंग्जमधलं ‘चेंज विथ बटन्स’ही बंद करा, म्हणजे बाजूच्या बटणांनी रिंगचा आवाज कमी होणार नाही.

आता ॲप. इथे पारडं फिरतं. अँड्रॉइडमध्ये प्ले स्टोअरखेरीज बाहेरूनही ॲप घालता येतं. एपीके फाइल (म्हणजे ॲप बसवायची फाइल) दाबली, परवानगी दिली, की ॲप बसलं. हा मोकळेपणा जाणकाराच्या कामाचा आहे, पण याच वाटेने चोरही घरात शिरतो. लग्नाची पत्रिका, वाहनाचा दंड, किसान योजनेचा हप्ता अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके येतात. बसल्या की एसएमएस वाचायची परवानगी मागतात आणि ओटीपी परस्पर पळवतात. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी अशी पत्रिका उघडली होती. नातलगाच्याच नंबरवरून आलेली, शंका कशी यावी? भारतात आयफोनवर ॲप ॲपलच्या ॲप स्टोअरमधूनच येतं, त्यामुळे अशी एपीके तिथे उघडतच नाही. फसव्या लिंका आणि ओटीपी विचारणारे फोन मात्र दोन्हीकडे सारखेच येतात.

अँड्रॉइडचं हे दार आपल्याला बंद करता येतं. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा. व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स, जे जे तिथे दिसेल त्याची परवानगी काढा. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप तपासायची सोय, चालू आहे ना, तेही बघा. तरीही पैसे गेलेच, तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

भाषेचं थोडक्यात सांगतो. अँड्रॉइड मराठीत कधीपासून आहे, आयफोनचा मेनू २०२५ च्या आयओएस १८.४ पासून मराठीत आला. दोन्हींत फोन मराठीत ठेवून एखादं ॲप कन्नडमध्ये ठेवता येतं, अर्थात ॲपमध्ये ती सोय असेल तर. अँड्रॉइडला त्यासाठी १३ वी आवृत्ती लागते. घरात मराठी आणि कागदपत्रांत कन्नड असा आपला व्यवहार, त्यामुळे सरकारी कामाची ॲपं बघून द्यायला शेजारच्या मुलांना हे सोपं जातं. चार्जरचं म्हणाल, तर आयफोन १४ पर्यंत पिन वेगळी आहे. आत्याच्या शेजारी सगळ्यांकडे टाइप-सी.

माझं मत असं की आत्याचा अँड्रॉइडच राहू द्यावा. ती ज्या आवाजांवर माणसं ओळखते, ते तिथे बसलेले आहेत, आणि एपीकेचं दार मी स्वतः बंद करून आलोय. पण तुमच्या घरातलं माणूस वाचू शकत असेल, पाहुण्यांनी पाठवलेली प्रत्येक फाइल उघडत असेल, आणि गावात सेटिंग बघायला कुणी नसेल, तर मी आयफोनच घ्या म्हणेन, त्यातही ११ किंवा पुढचा.

घेतलात तर देणाऱ्याकडून फोन हातात घेण्याआधी त्याचं खातं काढून घ्या. मुलाचा ॲपल आयडी तसाच राहिला, तर आईला एखादं साधं ॲप घालायचं झालं तरी पासवर्डसाठी त्याला पुण्याला फोन करावा लागतो. आणि ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद न करता फोन रिसेट केला, तर त्याच्या पासवर्डशिवाय तो सुरूच होत नाही.