एक जोड ग्लोव्हज की दोन?

सर्जरीत नव्याने उभ्या राहणाऱ्या रेसिडेंटला हे लवकरच ठरवावं लागतं. माझं मत आधीच सांगते: दोन, आणि आतला रंगीत.

एका जोडाच्या बाजूने खरा मुद्दा एकच, बोटांची जाण. मायक्रोस्कोपखाली केसाएवढा धागा हाताळणारे सर्जन एकच जोड घालतात तेव्हा त्यांचं म्हणणं मला पटतं. पोटाच्या किंवा हाडाच्या ऑपरेशनला मात्र ते लागू होत नाही. तिथे बोटांना सवय व्हायचा तेवढा अवकाश. आवळल्यासारखं वाटलं तर आतला जोड अर्धा नंबर मोठा घ्या.

कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या २०१४ च्या आढाव्यानुसार दोन जोड घातले की आतल्या ग्लोव्हला भोक पडण्याचं प्रमाण ७१ टक्क्यांनी कमी होतं, आणि त्वचेला रक्त लागण्याचं ६५ टक्क्यांनी. बाहेरचा ग्लोव्ह पूर्वीइतकाच फाटतो, पण मार तो खातो. ‘मग एकच, पण जाड घालू’ असं काही जण म्हणतात. नुसत्या जाडीचा असा फायदा त्याच आढाव्यात दिसला नाही.

आता रंगाचं. आतला गडद हिरवा, बाहेरचा फिकट. बाहेरच्याला भोक पडून ओल आत झिरपली की तिथे हिरवा डाग उठून दिसतो, आणि ग्लोव्ह तिथल्या तिथे बदलता येतो. उजव्या हाताने टाके घालत असाल तर डाव्या तर्जनीवर खास नजर ठेवा, सुईच्या वाटेत तीच येते. रंग नसेल तर बरीच भोकं शेवटी हात धुताना, बोटावर रक्त दिसल्यावरच कळतात.

सुई दोन्ही थरांतून आरपार जाऊ शकते, हेही खरं. टाक्याच्या भरीव सुईवरचं बरंच रक्त रबरात पुसलं जातं. पोकळ सुईच्या आतलं तसंच राहतं. मुळात सुई टोचूच नये म्हणून फॅशिया (स्नायूंवरचं चिवट आवरण) शिवताना बोथट टोकाची सुई मागून घ्या. हिपॅटायटिस बी ची लस तर त्याआधीच पूर्ण हवी: बाधित रक्ताची सुई टोचली तर लस न घेतलेल्याला संसर्गाचा धोका ६ ते ३० टक्के, एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के.

टोचलीच तर जोड कितीही असोत, ग्लोव्ह काढून साबण-पाण्याने धुवा, जखम पिळू नका आणि लगेच कळवा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं पहिल्या काही तासांत सुरू व्हायला हवीत. ७२ तासांनंतर ती सहसा देत नाहीत.