‘लेदर सॉफ्टनिंग’चे ₹14,500 घेतले आणि सीटचा रंगच काढून नेला

गाडीच्या लेदर सीट ‘लोण्यासारख्या मऊ करून देतो’ म्हणत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये फिरणाऱ्या डिटेलिंगवाल्यांना गाडीला हात लावू देऊ नका. पॅकेज ₹11,800 चं ठरलं, काम अर्ध्यावर आल्यावर ‘क्रॅक फिलिंग’चे ₹2,700 वाढवले. एकूण ₹14,500. आता पुढच्या दोन्ही सीटचा रंग पांढऱ्या शर्टाला लागतो आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड उभी चिरली आहे. आधी ती फक्त कडक झाली होती, फाटलेली नव्हती.

संताप होतो तो डेमोचा. अर्ध्या सीटवर स्प्रे मारला, पांढऱ्या फडक्याने पुसलं आणि फडकं पुढे धरलं, ‘बघा साहेब, किती मळ!’ सीटचा मळ म्हणजे घाम, अंगाचं तेल आणि धूळ. तो करडा-काळपट निघतो. फडक्यावर आलेला रंग टॅन होता, हुबेहूब सीटचा. वर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास. म्हणजे स्प्रेत थिनर किंवा अ‍ॅसिटोन होतं आणि मळ नव्हे, सीटवरचा रंग विरघळत होता. ते फडकं डोळ्यांपासून हातभर अंतरावर होतं! पण बेसमेंटच्या ट्यूबलाइटखाली टॅन रंग मळासारखाच दिसतो. त्यात माणूस गणवेशात, हातात छापील कार्ड, शेजारच्या दोन गाड्यांचं काम चालू. संशय यायचा तरी कशावरून?

मुळात हे ‘सॉफ्टनिंग’ बहुतेक गाड्यांत होतच नाही. चामडं मऊ राहतं ते टॅनरीत, म्हणजे चामडं कमावण्याच्या कारखान्यात, ड्रममध्ये मुरवलेल्या तेलामुळे. त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर पॉलीयुरेथेनचा पारदर्शक थर असतो. हा थर शाबूत असेल तर वरून लावलेलं क्रीम (कंडिशनर) आत उतरत नाही. पाण्याचा एक थेंब टाकून बघा. तो तसाच टपोरा राहिला तर लेदर कोटेड आहे. मुरून डाग गडद झाला तर अनकोटेड. कंडिशनर आत जातो तो अशाच लेदरमध्ये, आणि तिथेही एकदम थापायचा नसतो, पातळ हात देऊन, मुरू देऊन, पुन्हा द्यायचा. उन्हाने भाजून आकसलेलं चामडं मात्र कशानेच पूर्ववत होत नाही.

त्यातून पुष्कळ गाड्यांत लेदर फक्त बसायच्या भागाला असतं. बाजू आणि मागची पाठ लेदरेटची, म्हणजे नकली लेदरची. सीटखाली कापलेली कड शोधा. मागे कापडाची वीण दिसली तर ते लेदरेट. ते कडक होतं कारण उष्णतेने त्यातलं प्लास्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ ठेवणारं रसायन, उडून जातं, आणि ते कोणतीही बाटली परत भरून देत नाही. या लोकांनी पैसे पाचही सीटचे घेतले, लेदरेटसकट!

थर काढल्यावर त्यांनी वरून सिलिकॉन चोपडलं. म्हणून सुरुवातीला सीट गुळगुळीत, चकचकीत लागली. चांगल्या लेदरला मंद, मॅट तकाकी असते. चकाकी दिसली की विचारा काय लावलंय. खोबरेल किंवा ऑलिव्ह तेलही नको, ते खवट होतं, धूळ धरतं.

घरी करायचं ते एवढंच: व्हॅक्यूम करून शिवणींतली रेती काढा, तीच आतून दोरा कापते. पाण्यात बनवलेला, अल्कली नसलेला लेदर क्लीनर ब्रशवर घ्या, थेट सीटवर फवारू नका. बारीक छिद्रं पाडलेल्या सीटवर तर अजिबात नाही, ओल आतल्या फोममध्ये उतरते. एका वेळी अर्धाच भाग, लगेच ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवा. मग, लेदर अनकोटेड असेल तर, प्रत्येक सीटला चमचाभर कंडिशनर, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेला पुसून टाका. तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे. कोकणात पावसाळ्यात कंडिशनरपेक्षा सीट कोरडी ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर बुरशी धरते.

आणि तक्रार? चौकीत सांगितलं, ‘ही दिवाणी बाब आहे.’ ग्राहक हेल्पलाइनवर दुकानाचं नाव आणि बिल मागितलं. बिल दिलंच नव्हतं, ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो’ म्हणाले होते. यूपीआय एका खासगी व्यक्तीच्या नावावर, खाली शेरा ‘कार वॉश’. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, फसवणूक कशी? सोसायटीचं ऑफिस म्हणतं, आम्ही फक्त गेटवर नोंद करतो, आणि ती नोंद दाखवायलाही तयार नाही! परवानगी कोणी दिली, विचारलं की सगळे गप्प. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवणं सोडून कोणी काही केलं नाही. चोर तोच, गाडी तीच, फोटो आहेत, तरी प्रत्येकाचं पहिलं वाक्य ‘तुम्ही आधी बघायला हवं होतं’. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी, ती आम्हालाच वाटेल अशी व्यवस्था आहे.

म्हणून पैसे देण्याआधी बिल घ्या, त्यावर वापरलेल्या प्रॉडक्टचं नाव लिहून घ्या, बाटलीचा फोटो काढा. डेमोचं फडकं परत देऊ नका, पिशवीत बांधून ठेवा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही; मुदत दोन वर्षांची.

सीट पुन्हा रंगवायचे पुढच्या दोनचेच ₹16,000 सांगितलेत, कारण आधी सगळं सिलिकॉन उतरवावं लागणार. रंगवणाऱ्याला हे स्पष्ट सांगा. सिलिकॉन राहिलं तर नवा रंग धरत नाही, जागोजागी माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि महिन्याभरात पापुद्रे निघतात.